केकवरची फॉन्डंटची पाटी: देवनागरी अक्षरे आणि आपली दमट हवा

केकवर क्रीमने थेट नाव लिहिण्याऐवजी ते फॉन्डंटच्या, म्हणजे मळून लाटता येणाऱ्या साखरेच्या गोळ्याच्या, वेगळ्या पाटीवर करून ती पाटी केकवर बसवण्याची पद्धत आपल्याकडच्या घरगुती बेकरांमध्ये आता चांगलीच रुळली आहे. याची कारणे उघड आहेत. क्रीमवर उमटलेले अक्षर बिघडले तर ते खरवडून काढावे लागते आणि खरवडलेली जागा कितीही सारखी केली तरी दिसतेच. शिवाय केक तयार होणे आणि तो घेऊन जाणे यांत जेमतेम काही तासांचे अंतर असल्यामुळे लेखनाचे काम नेहमी घाईच्या वेळी येते. पाटी मात्र चार-आठ दिवस आधी, निवांत बसून करता येते. मला स्वतःला तिसरे कारण अधिक महत्त्वाचे वाटते: आपल्याकडे अनेकांना लेकराच्या नावावरून किंवा गणपतीच्या चित्रावरून सुरी फिरवणे रुचत नाही. पाटी असली की ती अलगद उचलून बाजूला ठेवायची आणि मग केक कापायचा, इतके ते सोपे होते.

तरीही मराठी पाटी करायला बसलेल्या माणसाला दोन गोष्टी आड येतात. या विषयावरची बहुतेक प्रात्यक्षिके रोमन अक्षरे गृहीत धरतात आणि थंड, कोरड्या हवेचे स्वयंपाकघरही गृहीत धरतात. मी ठाण्यात राहते. येथे जून ते सप्टेंबर या काळात सापेक्ष आर्द्रता बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या वर असते, आणि माझ्याकडे येणाऱ्या मागण्यांपैकी बऱ्याच देवनागरीतल्या असतात. त्यामुळे या लेखात सजावटीपेक्षा हवा आणि अक्षर यांविषयीच अधिक लिहिणार आहे. फुले, पाने, मोती यांचे साचे बाजारात भरपूर मिळतात आणि ते वापरायला कोणी शिकवावे लागत नाही.

आधी पदार्थाविषयी. फॉन्डंट म्हणजे बारीक दळलेली साखर, ग्लुकोज सिरप, ग्लिसरीन, थोडी वनस्पतिजन्य चरबी आणि या सगळ्याला बांधून ठेवणारा एखादा डिंक किंवा जिलेटिन. जिलेटिन प्राण्यांच्या कातड्यापासून आणि हाडांपासून काढतात, त्यामुळे मुंजीच्या किंवा बारशाच्या केकसाठी पाटी करताना वेष्टनावरचे हिरवे चिन्ह पाहूनच फॉन्डंट घ्यावा. मार्शमेलो वितळवून घरी फॉन्डंट करण्याची कृती सर्वत्र सांगितली जाते, पण नेहमीच्या मार्शमेलोमध्ये जिलेटिनच असते, ही गोष्ट सांगायची राहून जाते. आपल्याकडे बनणारे तयार फॉन्डंट बहुधा वनस्पतिजन्य डिंकावर केलेले असतात. पाटीसाठी घरी फॉन्डंट मळण्याचा खटाटोप मला तरी अनावश्यक वाटतो. तयार पाकीट आणून त्याला पाटीयोग्य करून घेणे अधिक भरवशाचे.

पाटीयोग्य करून घेणे म्हणजे काय, ते सांगते. केक झाकण्यासाठीचा फॉन्डंट मुद्दामच मऊ राहील असा केलेला असतो. त्यातले ग्लिसरीन पाणी धरून ठेवते आणि कापतानाही थर लवचीक राहतो. पाटीला नेमके याच्या उलट हवे असते. म्हणून त्यात सीएमसी, म्हणजे कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज, मिसळतात. वेष्टनावर ते आयएनएस ४६६ या क्रमांकाने ओळखता येते आणि टायलोज पावडर या नावानेही विकले जाते. पूर्वी या कामी ट्रॅगाकांथ हा इराण-तुर्कस्तानाकडच्या काटेरी झुडपांपासून मिळणारा डिंक वापरत असत. तो महाग आणि सीएमसी स्वस्त, त्यामुळे रोजच्या कामातून तो मागे पडला. साधारण २५० ग्रॅम फॉन्डंटला एक सपाट चहाचा चमचा सीएमसी पुरते. हाताला वनस्पती तुपाचे बोट लावून फॉन्डंट मळावा, पावडर एकदम न टाकता चिमटीने पसरत मिसळावी, गोळा प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून हवाबंद डब्यात निदान तीन-चार तास, शक्य तर रात्रभर ठेवावा. पावडरीला पाणी शोषून फुगायला वेळ लागतो. मळल्याबरोबर लाटायला घेतलेला गोळा आधी चिकट वाटतो आणि मग अचानक कोरडा पडतो. पावसाळ्यात सीएमसीचे प्रमाण थोडे वाढवण्याचा मोह होतो. किंचित वाढवायला हरकत नाही, पण दीड चमच्याच्या पुढे गेल्यास लाटताना कडांना चिरा पडतात आणि पाटी वाळल्यावर ठिसूळ होते.

रंग नेहमी जेलचाच घ्यावा. द्रवरूप रंगातल्या पाण्यानेच फॉन्डंट सैल होतो. लाल आणि काळा रंग मनासारखा गडद करायचा म्हटले तर इतके जेल घालावे लागते की गोळा चिकट आणि चवीला कडसर होतो. त्यापेक्षा त्या रंगांचा तयार फॉन्डंट विकत आणलेला बरा. मळून ठेवलेला रंग काही तासांनी आणखी गडद होतो, हेही लक्षात घेऊन हात आखडता ठेवावा. मला स्वतःला पाटीची पार्श्वभूमी पांढरी किंवा मोतिया आणि अक्षरे एकाच गडद रंगाची असली की पुरेसे वाटते. डोहाळजेवणाच्या केकसाठी हिरवी पाटी आणि तिच्या कडेला पैठणीचा नारळी काठ ही मागणी वारंवार येते, आणि ती दिसतेही छान. मात्र काठाच्या सोनेरी त्रिकोणांनी पाटीचा निम्मा भाग व्यापला तर नावाला जागा उरत नाही, हे ग्राहकाला चित्र काढून दाखवावे लागते.

लाटण्याविषयी दोन-तीन गोष्टी. पाटीची जाडी ३ मिलिमीटर ठेवावी; त्याहून पातळ पाटी उचलताना मोडते आणि जाड पाटी आतून वाळत नाही. सगळीकडे सारखी जाडी यावी म्हणून फॉन्डंटच्या दोन्ही बाजूंना ३ मिलिमीटरच्या दोन लाकडी पट्ट्या ठेवून लाटणे त्या पट्ट्यांवरून फिरवावे. गडद रंगाला खाली कॉर्नफ्लॉवर भुरभुरू नये, पांढरे डाग राहतात. त्याऐवजी पोळपाटाला वनस्पती तुपाचा पुसटसा हात लावावा. कापलेला आकार उचलू नये. तो उचलला की गोलाचा लंबगोल होतो, म्हणून फॉन्डंट बटर पेपरवरच लाटावा, तेथेच कटरने कापावा आणि आकार जागेवर ठेवून भोवतालचा भाग काढून घ्यावा. पाटी केकच्या वर ठेवायची नसून बाजूला चिकटवायची असेल, तर ती त्याच मापाच्या केकच्या भांड्याच्या बाहेरील बाजूवर वाळवावी, म्हणजे तिला नेमका तोच बाक मिळतो.

आता वाळवण्याचा भाग, ज्यात आपल्या हवेशी खरी गाठ पडते. शुद्ध साखर २५ अंश सेल्सिअसच्या आसपासच्या तापमानाला, हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण ८५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतले पाणी ओढून स्वतःच विरघळू लागते. ग्लुकोज सिरप आणि ग्लिसरीन मिसळलेल्या साखरेची ही मर्यादा आणखी खाली येते. म्हणजे जुलै महिन्यात उघड्यावर ठेवलेली पाटी वाळत तर नाहीच, उलट संध्याकाळपर्यंत सकाळपेक्षा अधिक ओलसर होऊ शकते. पंखा लावून उपयोग होतो तो हवा कोरडी असेल तेव्हाच. दमट हवा कितीही वेगाने फिरवली तरी ती दमटच राहते. वातानुकूलन यंत्रात हवा कोरडी करण्याची सोय असेल तर ती लावून खोली बंद ठेवणे हा सर्वांत चांगला उपाय आहे. ते नसेल तर ओव्हन न पेटवता फक्त आतला दिवा लावून पाटी आत ठेवावी. दिव्याच्या उबेने आतली हवा थोडी तापते, तिची सापेक्ष आर्द्रता खाली येते आणि पाटी हळूहळू वाळते. घाई म्हणून ओव्हन खरोखर पेटवला तर साखर नरम पडून पाटीला फुगे येतात.

आणखी एक मार्ग म्हणजे सिलिका जेल घातलेला हवाबंद डबा. यासाठी नारिंगी दाण्यांचे सिलिका जेल घ्यावे. निळ्या दाण्यांमध्ये कोबाल्ट क्लोराइड असते आणि ते विषारी असल्यामुळे खाण्याच्या वस्तूजवळ नको. दाण्यांचा रंग बदलला की ते गरम करून कोरडे करता येतात आणि पुन्हा वापरता येतात. पाटी कशावर ठेवून वाळवायची यालाही महत्त्व आहे. ताटलीत ठेवलेली पाटी वरून वाळते, खालून ओली राहते आणि मग पापडासारखी कडेने वर वळते. स्पंजच्या पातळ तुकड्यावर ठेवून सहा-आठ तासांनी उलटली की दोन्ही बाजू सारख्या वाळतात. हिवाळ्यात एक-दोन दिवसांत पाटी कडक होते, पावसाळ्यात त्याच्या दुप्पट वेळ हाताशी ठेवावा.

हे सगळे आपल्याकडे अगदीच नवे आहे असे नाही. संक्रांतीच्या हलव्यावर काटा फुलवणाऱ्या बायकांना साखर आणि हवा यांचे नाते ठाऊक असतेच. तिळावर किंवा साबुदाण्यावर थेंब थेंब पाक घालत मंद आचेवर हलवा फिरवायचा, तर त्यासाठी जानेवारीतली कोरडी, गार हवाच लागते. नव्या सुनेचे आणि बोरन्हाणाच्या बाळाचे हलव्याचे दागिने त्याच हवेत होतात. रुखवतात मांडायच्या साखरेच्या वस्तू, पाडव्याच्या साखरगाठी, हे सगळे साखरेचेच कलाकाम आहे. आजकाल रुखवतात फॉन्डंटची नावपट्टीही दिसते. फरक इतकाच की हलवा ऋतू पाहून केला जातो, तर वाढदिवस ऋतू पाहून येत नाहीत.

आता अक्षरांकडे वळते. बाजारात मिळणारे अक्षरांचे कटर बहुधा रोमन सव्वीस अक्षरांचेच असतात. क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात केकच्या सामानाच्या दुकानांत शोधले तरी देवनागरी आकड्यांचेही कटर हाती लागणे कठीण. केवळ कोणी बनवत नाही म्हणून ते मिळत नाहीत असे मला वाटत नाही. देवनागरी ही सुट्या कटरांच्या पद्धतीत बसतच नाही. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी येते, मात्रा वर, उकार खाली, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर, आणि जोडाक्षरांचे आकार असे की त्यांचा संपूर्ण संच करायचा म्हटले तर तो एका डब्यात मावणार नाही. ‘हार्दिक’ या साध्या शब्दातला ‘र्दि’ पाहा: एका ‘द’वर वेलांटीची कमान आणि रफार, दोन्ही शिरोरेषेच्या वर दाटीने बसतात. पंच्याहत्तरीच्या केकवर ‘अमृतमहोत्सव’ लिहायचे असते, आणि ‘सहस्रचंद्रदर्शन’ या शब्दाची पाटी ज्याने केली त्याला पुढे कोणतेही जोडाक्षर अवघड वाटू नये. (तो शब्द ‘सहस्र’ असा आहे; ‘सहस्त्र’ नव्हे. ज्यांच्यासाठी केक असतो ते आजोबा हे हमखास पाहतात.)

या लिपीचा एक फायदा मात्र रोमन अक्षरे करणाऱ्यांना मिळत नाही. रोमन नावातले प्रत्येक अक्षर वेगळे कापून वेगळे चिकटवावे लागते आणि ओळ वाकडी जाण्याची भीती शेवटपर्यंत असते. देवनागरी शब्द शिरोरेषेने आपोआप बांधलेला असतो. तो एकाच तुकड्यात कापला आणि वाळवला, तर पूर्ण शब्द एका वेळी उचलून पाटीवर ठेवता येतो, आणि अक्षरांमधले अंतर जसे छापून घेतले तसेच राहते. हे लक्षात आले की कटर नसल्याची उणीव फारशी जाणवत नाही.

त्यासाठी शब्द आधी संगणकावर योग्य मापात मांडून कागदावर छापून घ्यावा. येथे टंकाची (फॉन्टची) निवड कळीची ठरते. पुस्तकात शोभणारे, जाड-बारीक रेषांचे टंक फॉन्डंटमध्ये टिकत नाहीत, कारण बारीक रेषा कापतानाच तुटते. सगळीकडे सारख्या जाडीची रेषा असलेला टंक घ्यावा आणि सर्वांत बारीक जागी निदान २ मिलिमीटर रुंदी उरेल एवढे माप ठेवावे. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे ‘बालू’ आणि ‘मुक्त’ हे टंक मोफत मिळतात आणि या कामाला उत्तम आहेत. त्यांचाच ‘मोदक’ हा गुबगुबीत टंक लहान मुलांच्या पाटीवर फार गोड दिसतो. मात्र त्यातल्या अक्षरांच्या पोटातल्या फटी इतक्या अरुंद आहेत की त्या सुरीने कापण्याऐवजी वाळण्यापूर्वी बोथट सुईने नुसत्या दाबून उमटवाव्या लागतात. टंक निवडताना ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत ना, हेही पाहावे. अनेक टंकांत हिंदी वळण आधी येते आणि मजकुराची भाषा मराठी अशी निवडल्यावरच आपले वळण मिळते. ग्राहक याबद्दल बोलणार नाहीत, पण ‘शलाका’ किंवा ‘लीला’ हे नाव हिंदी वळणात पाहिले की त्यांना काहीतरी परके वाटते, एवढे निश्चित.

कापण्यासाठी फॉन्डंट दीड मिलिमीटरपर्यंत पातळ लाटून दहा-पंधरा मिनिटे तसाच ठेवावा, म्हणजे वर हलकी साय धरते आणि सुरी ओढली तरी कड फरफटत नाही. छापलेला कागद वर ठेवून बाह्यरेषेवर टाचणीने ठिपके द्यावेत, कागद काढावा आणि हस्तकलेच्या बारीक पात्याच्या सुरीने कापायला घ्यावे. क्रम असा: ‘व’, ‘ब’, ‘क’ यांच्या पोटातले भाग आधी, बाहेरची कड नंतर, उलट केले तर अक्षर सुटे झाल्यावर आतला भाग काढताना ते ताणले जाते. अनुस्वारासाठी क्रीमच्या नळीचे लहान गोल नोझल वापरावे, त्याच्या तोंडाने नेमका गोल टिंब कापला जातो. उकार आणि मात्रा शब्दाला जोडलेल्या जागी मान नाजूक असते, तेथे पात्याचा शेवटचा घाव वरून खाली दाबून द्यावा, ओढून नव्हे.

शिरोरेषेबाबत एक धोका नेहमी ध्यानात ठेवावा लागतो. ‘भ’ आणि ‘ध’ या अक्षरांवर शिरोरेषा खंडित असते. कापताना ती फट बुजली, किंवा मजबुतीसाठी कोणी मुद्दाम बुजवली, तर ‘भ’चा ‘म’ आणि ‘ध’चा ‘घ’ वाचला जातो, आणि केकवर ‘शुमेच्छा’ उमटतात. ही फट पडद्यावर जेवढी दिसते त्यापेक्षा दीडपट ठेवावी, कारण वाळताना आणि चिकटवताना कडा जराशा पसरतात. शब्दाच्या मध्यावर ‘भ’ आल्यामुळे शब्द दोन तुकड्यांत विभागला गेला तरी चालते. दोन तुकडे पट्टीच्या आधाराने एका रेषेत चिकटवणे अवघड नाही.

दुसरी पद्धत नळीयंत्राची. क्ले गन या नावाने मिळणाऱ्या या पिचकारीत बारीक भोकाची चकती घालून फॉन्डंटची दोरी काढायची आणि त्या दोरीने अक्षर वळवायचे. हिच्यासाठी गोळा तुपाच्या बोटाने थोडा सैल करावा लागतो. आधी शिरोरेषेची अख्खी दोरी पट्टीला लावून ठेवायची, मग तिच्याखाली काने सोडायचे, मग अक्षरांची पोटे, त्यानंतर वरच्या मात्रा आणि शेवटी उकार. पाटी गिरवताना शाळेत शिरोरेषा शेवटी देतात; येथे ती आधी दिल्याशिवाय काहीच सरळ राहत नाही. दोरीची अक्षरे हस्ताक्षराच्या वळणाची दिसतात आणि मोठ्या माणसांच्या केकवर ती मला अधिक आवडतात. चिकटवण्यासाठी पाव चमचा सीएमसी दोन मोठे चमचे पाण्यात रात्रभर भिजवून केलेला पारदर्शक डिंक वापरावा, तोही ब्रशच्या टोकाने, नाममात्र. जास्त झालेला डिंक अक्षराखालून बाहेर येतो आणि वाळल्यावर चकाकत राहतो.

शिक्के बनवून घेण्याचीही सोय आता झाली आहे. त्रिमितीय छपाईने कोणतेही नाव शिक्क्यावर उमटवून मिळते आणि एकाच मजकुराच्या अनेक पाट्या करायच्या असतील, उदाहरणार्थ बारशाच्या पन्नास कपकेकवर बाळाचे नाव, तर दुसरा मार्ग परवडणार नाही. अशा शिक्क्याच्या पृष्ठभागावर बारीक खाचा असतात, त्यांत साखर अडकते आणि नीट धुतली जात नाही, म्हणून फॉन्डंटवर पातळ प्लास्टिकची फिल्म घालून तिच्यावरून शिक्का दाबावा. कडाही त्यामुळे गोलसर, मऊ येतात. खाण्यायोग्य शाईची पेनेही मिळतात, पण ती पूर्ण वाळलेल्या आणि कोरड्या ब्रशने पीठ झटकलेल्या पाटीवरच चालतात. दमट दिवसांत ही शाई फुटते. घाईच्या वेळी त्यांचा आधार घ्यावा, नेहमीसाठी नव्हे.

मजकुराच्या लांबीबाबत ग्राहकाशी आधीच बोलून घ्यावे. मात्रा वर आणि उकार खाली धरून देवनागरीची एक ओळ रोमन मोठ्या अक्षरांच्या ओळीच्या जवळजवळ दुप्पट उंची घेते. सहा इंचाच्या केकवर चार इंचाची पाटी बसते आणि त्यात वाचनीय अशा दोनच ओळी मावतात. ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ हे त्यात कोंबण्यापेक्षा नाव आणि ‘५’ किंवा ‘६०’ असा आकडा घ्यावा, असे मी सुचवते. केक कशासाठी आणला आहे हे घरच्यांना माहीत असतेच.

नाव मात्र देवनागरीतच लिहून मागवावे, आणि ते लेखी. रोमन लिपीत आलेल्या संदेशावरून आर्य की आर्या, तनया की तन्या, सान्वी की सानवी हे कळण्याचा मार्ग नसतो. ‘रुजुता’ की ‘ऋजुता’ याचे उत्तर तर घरातल्या घरातही एक नसते. कापायला घेण्यापूर्वी छापील मांडणीचे छायाचित्र पाठवून होकार घेतला की पुढचे वाद टळतात. बारशाच्या पाटीत आणखी एक जबाबदारी येते: आत्याने कानात नाव सांगण्याआधी ते नाव आई-वडिलांखेरीज केवळ बेकरला ठाऊक असते. अशी पाटी बंद डब्यात द्यावी आणि तिचे छायाचित्र कार्यक्रम होईपर्यंत कोठेही टाकू नये.

सोनेरी-रुपेरी रंगाविषयी थोडे कठोर लिहिणे भाग आहे. चमकदार भुकटीच्या डबीवर ‘विषारी नाही’ असे लिहिलेले असणे आणि ती ‘खाण्यायोग्य’ असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हस्तकलेसाठीच्या भुकटीत तांबे, शिसे यांसारखे धातू असू शकतात. अमेरिकेतल्या रोड आयलंड राज्यात २०१८ मध्ये एका वाढदिवसाच्या केकवर अशी गुलाबी-सोनेरी भुकटी जाड थरात लावली होती आणि तो केक खाऊन लहान मुले आजारी पडली. तपासणीत त्या थरात तांबे मोठ्या प्रमाणात आढळले. घटकांची यादी आणि खाद्यपदार्थ परवान्याचा क्रमांक नसलेली डबी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. भुकटी पाण्यात कालवली तर साखर विरघळून पृष्ठभाग चिकट होतो, म्हणून ती लवकर उडून जाणाऱ्या द्रवात कालवतात. परदेशात त्यासाठी व्होडका वापरतात. ज्या घरांत ती चालणार नाही तेथे लिंबाचा अर्क घेतला जातो, पण त्यातही बहुधा मद्यार्क असतोच, तेव्हा विचारूनच वापरावे. मला यापेक्षा चांदीचा वर्ख आवडतो. मिठाईवर लावतो तोच वर्ख, किंचित ओलसर केलेल्या फॉन्डंटवर छान बसतो आणि त्याला भुकटीसारखी भडक चकाकी नसते. वर्ख तयार करताना कोणत्याही टप्प्यावर प्राणिजन्य वस्तू वापरू नये असा नियम आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्ये केला आहे, त्यामुळे पूर्वीची आतड्याच्या पिशवीत कुटण्याची शंकाही नियमानुसार राहू नये.

शेवटचा टप्पा पाटी केकवर बसवण्याचा. आपल्याकडचे बहुतेक केक व्हिप क्रीमचे असतात आणि त्या क्रीममध्ये पाणी भरपूर असते. त्यावर थेट ठेवलेली पाटी खालून काही तासांत मऊ पडते आणि तिचा रंग क्रीममध्ये उतरतो. पाटीच्या पाठीवर वितळलेल्या पांढऱ्या चॉकलेटचा पातळ थर दिला तर त्यातली चरबी पाण्याला अडवते. पाटी उभी करायची असेल तर मागे फॉन्डंटच्या पट्टीखाली लाकडी काडी चिकटवून ती आधीच वाळवावी आणि केकमध्ये फक्त काडी खोचावी. मुलांच्या केकमध्ये काडी आहे, हे पालकांना आवर्जून सांगावे. पाटी लावलेला केक फ्रीजमध्ये ठेवणे शक्य तितके टाळावे. फ्रीजमधून बाहेर आलेल्या गार पाटीवर आपल्या हवेतले बाष्प लगेच जमते आणि थेंब दिसू लागतात. अशा वेळी ते टिपायला जाऊ नये, बोटांचे ठसे कायमचे राहतात. पंख्याखाली ठेवले तर पाणी बऱ्यापैकी उडून जाते. मी पाटी वेगळ्या डब्यात देते आणि केक कापण्याआधी अर्धा तास ती लावायला सांगते.

बरेच जण पाटी आठवण म्हणून जपून ठेवतात. सिलिका जेलची पुडी घातलेल्या हवाबंद डब्यात ती दीर्घकाळ टिकते. मुंग्यांपासून वाचवायचे तर उघड्या शोकेसमध्ये ठेवून चालत नाही. खिडकीजवळ उन्हात ठेवली तर आधी गुलाबी रंग उडतो आणि जांभळी अक्षरे निळसर होतात. जपलेली पाटी पुढच्या वाढदिवसाला पुन्हा वापरावी का, असेही विचारले जाते. आकडा बदलायचा नसेल आणि ती कोणी खाणार नसेल, तर काडीवर उभी करून खुशाल वापरावी.